कुर्ल्याचं बोरिंगचं दुकान: जुनी फियाट पळवायचीये तर जा, घाई असेल तर फिरकू नका

आधीच सांगून टाकतो, दुकानाचं नाव लिहिणार नाही. मालकानेच हात जोडलेत, "काका, नाव नका टाकू, मग पोरं येतात सायलेन्सर फाडून आवाज काढून द्या म्हणून, आणि नाही म्हटलं की एक स्टार देऊन जातात." सीएसटी रोडच्या स्पेअरपार्टच्या बाजारात जुन्या फियाटचं बोरिंग (म्हणजे इंजिनाचे सिलिंडर आतून कातून थोडे मोठे करणं) कोण करतं एवढं विचारा, दोघं भलतीकडे पाठवतील, तिसरा आणून सोडेल. बोर्डावर नुसतं बोरिंग, फेसिंग, क्रँक ग्राइंडिंग एवढंच लिहिलंय आणि तेही अर्धं पुसलंय.

काम काय होतं ते सांगतो. माझी पद्मिनी आहे, म्हणजे प्रीमियर कंपनीची जुनी फियाट, १०८९ सीसीचं ओरिजिनल इंजिन, आणि ती मला क्वार्टर माइल म्हणजे ४०२ मीटर सरळ पळवायला बनवायचीये. रस्त्यावर नाही हां. लोणावळ्याच्या पुढे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन नावाची सरळ पळवायची स्पर्धा होत आलीय, तसल्या ठिकाणी, जिथे टायमिंग लाइट असतो, हेल्मेट सक्तीचं असतं आणि पुढे थांबायला जागा असते. चाळीसेक घोड्यांची गाडी घेऊन तिथे सुपरकारच्या शेजारी काय उभं राहायचं असं घरचेही विचारतात. राहायचं, हौस आहे. प्रीमियरच्याच नंतरच्या ११८ एनई गाडीचं निस्सानवालं ११७१ सीसीचं इंजिन टाक आणि मोकळा हो असा सल्ला मला किमान अर्ध्या मुंबईने दिलाय, चुकीचा नाहीये, पण मग मला ती फियाट वाटत नाही, विषय संपला.

आता ह्या दुकानात का गेलो त्याला जुना संबंध आहे. ऐंशीच्या दशकात आमचं एक टोळकं होतं, त्यात मी सगळ्यात लहान म्हणजे पाने उचलून द्यायचं आणि रॉकेलने पार्ट धुवायचं काम माझ्याकडे, आणि फियाटचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) घासायचं असलं की ते पोत्यात गुंडाळून बसमधून कुर्ल्याला आणायचं कामही माझ्याकडेच. तेव्हा इथे आत्ताच्या मालकाचे वडील बसायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, प्रीमियरच्या मशीनशॉपमधून बाहेर पडलेला माणूस. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्यालाच ना, वालचंद हिराचंदांनी १९४४ ला कंपनी काढली आणि फियाट तिथूनच बनून बाहेर पडायची, त्यामुळे ह्या भागात त्या इंजिनावर हात चालवलेली माणसं गल्लोगल्ली होती. आता नाहीत.

त्या वेळी रेसची गाडी बनवायची म्हणजे काय, तर आधी वजन काढायचं. नऊशे किलोच्या आसपासची गाडी, मागची सीट काढ, स्टेपनी काढ, ते लोखंडी बंपर काढ, मागच्या काचा काढून अ‍ॅक्रिलिकच्या शीट बसव, आणि जिथे पत्रा दिसेल तिथे ड्रिलने भोकं पाड. मग स्टिअरिंगवरचा गिअर. त्याच्या लिंकेजमध्ये एवढा खेळ असायचा की घाईत दुसरा टाकायला गेलं की हमखास न्यूट्रल, म्हणून आमच्यातल्या एकाने दांडा वाकवून वेल्ड करून गिअर खाली जमिनीवर आणला होता, दिसायला भयंकर पण लागायचा एकदम खट्ट. फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर रद्दीत जुनी अमेरिकन मोटारींची मासिकं मिळायची, ती वाचून आम्हाला सगळं कळतं असं वाटायचं. तिकडच्या लोकांनीही सुरुवात जुन्या विमानतळांवरच केली, कॅलिफोर्नियात सांता आनाला १९५० मध्ये तिकीट लावून ड्रॅग रेस, म्हणजे सरळ पळवायच्या शर्यती, सुरू झाल्या, पुढच्या वर्षी वॉली पार्क्सने एनएचआरए ही त्यांची संघटना काढली, १९६३ मध्ये तर सुटायला दिव्यांचा खांब आला ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. आमच्याकडे ख्रिसमस ट्री म्हणजे पुढे उभा राहून रुमाल खाली टाकणारा पोरगा. ४०२ मीटर आम्ही सायकलच्या चाकाला खडूची खूण करून फेरे मोजून आखायचो, आणि टाइम घ्यायला दोघांकडे स्टॉपवॉच, दोघांचा टाइम कधी जुळला नाही.

मासिकात वाचायचं नायट्रोमिथेन हे तिकडच्या रेसचं इंधन, म्हणजे पेट्रोलच्या एका भागाला साडेचौदा भाग हवा लागते तर ह्याला दोनसुद्धा लागत नाही, ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो, म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं. आमचं नायट्रो म्हणजे कोणीतरी कुठूनतरी आणलेलं विमानाचं पेट्रोल, आणि ते खरंच विमानाचं होतं का हे आणणाऱ्यालाच ठाऊक.

खऱ्या रेस मद्रासजवळ शोलावरमला, युद्धकाळातल्या धावपट्टीवर, पण त्या सर्किटच्या, म्हणजे वळणांच्या फेऱ्यांच्या. मुंबईत पहाटे रस्त्यावर जे चालायचं त्याचं मी अजिबात कौतुक करणार नाही, नशीब जोरावर होतं म्हणून सगळे घरी यायचे. माझ्या वडिलांच्या पिढीतले जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या रेस बघितल्याचं सांगायचे, म्हणजे आमच्या आधी लोक जास्त शहाणे होते.

असो, दुकानावर येतो.

पहिली गोष्ट, मास्तरांचा मुलगा, म्हणजे आत्ताचा मालक, मोजतो. हे वाचायला साधं वाटतंय पण मुंबईत किती बोरिंगवाले बोअर गेज (सिलिंडरचा आतला व्यास मोजायचं यंत्र) सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली आणि परत आडवं फिरवून सहा आकडे कागदावर लिहून देतात ते सांगा मला. ह्याने लिहून दिले. पिस्टनसुद्धा चारही मोजले, एक थोडा जाड निघाला तर त्याच्यासाठी तो सिलिंडर तेवढाच वेगळा होन केला, म्हणजे दगडाने घासून किंचित मोठा केला. मास्तर असते तर अंगठ्याने पिस्टन ढकलून बघून "बरोबर आहे" म्हणाले असते, आणि खरं सांगायचं तर ते बहुतेक वेळा बरोबरच असायचं, पण बहुतेक वेळा.

दुसरी गोष्ट, नाही म्हणतो. मी म्हटलं हेड चांगलं दोन मिलिमीटर घास, पूर्वी घासायचो. त्याने काय केलं, हेड उलटं ठेवलं, वर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून चिकटवली आणि ब्युरेटने रॉकेल सोडून प्रत्येक चेंबरमध्ये किती सीसी मावतं ते मोजलं. शाळेतल्या प्रयोगासारखं. मग हिशोब मांडला: बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटरचा चाळीसच्या, म्हणजे इंचाच्या चाळीस हजारांशाच्या, ओव्हरसाइझने ६९ होणार, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५, म्हणजे एका सिलिंडरला साधारण २८० सीसी, वर गॅस्केट धरून ३५ सीसी जागा राहिली की कॉम्प्रेशन नऊला एक. "काका, ह्याच्या पुढे गेलात तर इंजिन ठोकायला लागेल, आणि तुम्ही म्हणताय तेवढं घासलं तर व्हॉल्व्ह जाऊन पिस्टनला भेटेल." मी गप्प. मग त्याने पिस्टनवर क्ले (मऊ माती) लावून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा पण दाखवली, मी मागितली नव्हती.

चारही चेंबर सारखे नव्हते हेही त्यातच कळलं. आधी उपनगरातल्या एका गॅरेजने (नाव जाऊ द्या) हेड फेस करून दिलं होतं, ते एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी घासलेलं निघालं. वर्षभर चार नंबरचा प्लग पांढरा का येतो, म्हणजे तो सिलिंडर जास्त का तापतो म्हणून मी कार्बोरेटर खोलत बसलो होतो.

फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या मागे फिरणाऱ्या जड चाकावर, आमची खरी जुंपली. आमच्या काळात फ्लायव्हील लेथवर लावून जितकं पातळ करता येईल तितकं करायचे, इंजिन कसं चटकन चढतं बघ म्हणून. मुलाचं म्हणणं दोन. एक तर छोट्या इंजिनाला सुटताना फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोरच गाडी हलवतो, फार हलकं केलं तर क्लच सोडल्यावर इंजिन बसतं, त्यामुळे कडेचं थोडंच काढायचं, कारण कडेच्या वजनाचा परिणाम सगळ्यात जास्त. आणि दुसरं, बिडाचं जुनं फ्लायव्हील पातळ केलं आणि जोरात फिरताना फुटलं तर तुकडे कुठे जातात? क्लच हाऊसिंग फोडून, आणि तिथे तुमचे पाय असतात. ह्यावर मला अमेरिकन ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स आठवला, १९७० मध्ये लाँग बीचजवळच्या लायन्स स्ट्रिपवर त्याच्या ड्रॅगस्टरचा ट्रान्समिशन फुटला आणि उजव्या पायाचा पुढचा भाग गेला, तेव्हा ड्रायव्हर सगळ्याच्या मागे बसायचा, म्हणजे फुटणारं सगळं त्याच्या मांड्यांच्या मध्ये. हॉस्पिटलात पडल्या पडल्या त्याने इंजिन ड्रायव्हरच्या मागे टाकायचं ठरवलं आणि १९७१ ला तशी गाडी आणून जिंकायला लागला, मग हळूहळू सगळ्यांनीच तसं केलं. आम्ही ती बातमी मासिकात वाचली होती, फोटो कापून गॅरेजच्या दारावर चिकटवला होता, आणि खाली बसून फ्लायव्हील पातळ करत होतो! मुलाने कडेचं थोडं काढलं, बॅलन्स करून आणलं आणि हाऊसिंगवर बाहेरून जाड पत्र्याचं कवच करून घ्यायला सांगितलं. घेतलं.

पोर्टिंग, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटा घासणं, ठीक. एक्झॉस्टचे पोर्ट गुळगुळीत, इनटेकचे त्याने मुद्दाम थोडे खरखरीत ठेवले, कार्बोरेटरच्या गाडीला आरशासारखं पॉलिश केलं की पेट्रोलचे थेंब भिंतीला धरून वाहतात म्हणे. व्हॉल्व्ह सीट मस्त कापल्यात, पेट्रोल ओतून रात्रभर ठेवलं तर थेंब खाली नाही. आजच्या पेट्रोलचं पण त्यानेच सांगितलं, २० टक्के इथेनॉल असल्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, जेट वाढवायचा, आणि पंपाचा जुना डायफ्राम आणि रबरी पाइप सगळे बदलायचे, नाहीतर ते फुगून गळायला लागतात.

आता तक्रारी, कारण सगळं गोड लिहिलं तर तुम्हाला वाटेल नातेवाईक आहे.

वेळ पाळत नाही. "शनिवारी घेऊन जा" म्हणजे कुठल्या शनिवारी ते विचारायचं. फोन उचलत नाही, मशीन चालू असताना ऐकूच येत नाही हे कारण खरं आहे पण मशीन दिवसभर चालूच असतं. दर बाजारापेक्षा चांगलेच वर, हेड फेसिंगचे इतरांच्या दीडपट घेतले, घासाघीस केली तर सरळ हेड परत पोत्यात घालून देतो. बिल मागितलं तर देतो पण तोंड वाकडं करून. आणि जागा इतकी अडचणीची की माझं इंजिन महिनाभर कोणाच्या तरी जीपच्या ब्लॉकखाली होतं. ताडपत्री घरून न्या, पावसाळ्यात तर नक्कीच, बोअर केलेल्या सिलिंडरला एका रात्रीत गंज धरतो.

पार्ट तुम्हीच आणायचे. ऑक्टोबर २०२३ ला पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या तेव्हापासून स्क्रॅपचा झरा आटलाय, पूर्वी पिस्टन सेट कुठेही मिळायचा, आता दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग किंमत सांगतो. ओव्हरसाइझ पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअर करायला देऊच नका, हा मुलगा तसंही करणार नाही.

रिझल्ट? इंजिन बसवलंय, रनिंग-इन चालू आहे, म्हणजे नवे भाग बसेपर्यंत सावकाश चालवतोय, त्यामुळे टाइम विचारू नका. पण दुसऱ्या गिअरमध्ये जो पिकअप आलाय तो ह्या गाडीत मी आधी कधी बघितला नाही, आणि व्हायब्रेशन इतकं कमी की सिग्नलला बंद पडली समजून मी परत स्टार्टर मारला. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा त्या शनिवारांसाठी कापला.

डिफरन्शियलचं काम इथे होत नाही. क्लच सोडल्यावर मागचे स्प्रिंगचे पट्टे पिळतात आणि चाक उड्या मारतं, त्याचं काहीतरी करायचंय आणि क्राउन-पिनियनचा (डिफरन्शियलमधल्या दातेरी चाकांचा) आवाज पण आहे, ठाणे ते दादरमध्ये कोणी जुना हात माहिती असेल तर सांगा. शिम (पातळ चकत्या) लावून नीट सेटिंग करणारा पाहिजे, "ग्रीस भरा, चालेल" म्हणणारे मला आधीच भेटलेत.