पिक्सेल ७ए + ग्राफीनओएस: वापरानंतरचा अनुभव (बँकेवरच्या रागासकट)

गूगलच्या पिक्सेल ७ए वरचं मूळ अँड्रॉइड काढून मी ग्राफीनओएस टाकलंय, म्हणजे अँड्रॉइडवरच बेतलेली पण सुरक्षेवर भर देणारी दुसरी प्रणाली. त्याचं हे परीक्षण लिहायचं बरेच महिने टाळत होतो. मागच्या आठवड्यात माझ्या बँकेचं ॲप अपडेट झालं आणि उघडल्या उघडल्या म्हणालं, तुमचं उपकरण असुरक्षित आहे, ॲप चालणार नाही. खालोखाल एकच बटण: बाहेर पडा. म्हणून आज लिहायला बसलोय. बँकेचं नाव घेत नाही, असं करणारी ती एकटीच नाही.

ग्राफीनओएस कसं टाकायचं हे फार सांगत बसत नाही. क्रोम उघडायचं, केबल लावायची, वेब इन्स्टॉलर सांगेल तशी बटणं दाबायची, चहा होईपर्यंत काम होतं. शेवटी बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा भाग) परत लॉक करायचा, ही पायरी मात्र कुणी गाळू नका. माझा फोन रूट केलेला (म्हणजे आतले सगळे अधिकार मोकळे केलेला) नाही, बूटलोडर लॉक आहे, सुरक्षेचे पॅच (दुरुस्त्या) बहुतेक कंपन्यांच्या फोनपेक्षा आधी येतात. तरी तो असुरक्षित.

शाखेत गेलो. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "सर, तुमचा फोन रूट असेल." नाही म्हटलं, लॉक केलेला बूटलोडर दाखवला. त्यांनी आतून एका साहेबांना बोलावलं. साहेबांनी फोन हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "नवीन घ्या ना, पंधरा हजारात चांगला येतो." आता गंमत ऐका. घरी कपाटात माझा जुना फोन आहे. अँड्रॉइड १०, शेवटचा सुरक्षा पॅच २०२१ चा, काचेला तडा. त्याच्यावर तेच ॲप त्याच दिवशी टाकलं आणि बिनबोभाट चाललं. म्हणजे माझी आयुष्यभराची शिल्लक ज्या फोनमधून सुरक्षित आहे असं बँक मानते, त्या फोनला गेली काही वर्षं कुणी वाली नाही.

घोडं पेंड खातं ते असं. ही ॲप्स फोन किती मजबूत आहे ते तपासत नाहीत, गूगलला विचारतात. प्ले इंटेग्रिटी नावाची सोय आहे, ती ॲपला सांगते की हा फोन गूगलने प्रमाणित केलेला आहे की नाही. ग्राफीनओएस त्यातली सर्वांत खालची पायरी पार करतं, 'डिव्हाइस' ही वरची नाही, कारण त्यावर गूगलचा शिक्का नाही. अँड्रॉइडमध्येच हार्डवेअर अटेस्टेशनचा, म्हणजे फोनच्या हार्डवेअरकडूनच ओळख पटवून घेण्याचा, दुसरा रस्ता आहे, त्यातून ग्राफीनओएसची खूण पटवून घेता येते, आणि ती कशी पटवायची याची माहिती प्रकल्पाने विकासकांसाठी खुली ठेवलेली आहे. बँकेने चार ओळींचा कोड लिहायचा. पण त्यासाठी आधी कुणीतरी ती माहिती वाचायला हवी ना.

असो. हा फोन घेतला तो पाळत वगैरेच्या भीतीने नाही, एका कर्जाच्या ॲपमुळे. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने कुठलंसं झटपट कर्ज घेतलं, हप्ता चुकला, आणि वसुलीवाल्यांनी त्याच्या फोनमधल्या झाडून सगळ्यांना फोन लावले. त्यात मीही होतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलं आहे की कर्ज देणाऱ्या ॲपनी संपर्क यादी, फाइल्स, कॉल लॉग यांना हात लावू नये. नियम कागदावर, आणि माझा नंबर त्यांच्या यादीत. कर्ज मी घेतलेलं नाही, ॲप मी टाकलेलं नाही, परवानगी मी दिलेली नाही. तेव्हा डोक्यात आलं की निदान माझ्या फोनमधले पाच-सहाशे नंबर तरी माझ्याकडून कुठे जाऊ नयेत. ग्राफीनओएसमध्ये त्यासाठी कॉन्टॅक्ट स्कोप्स आहे. ॲपला वाटतं परवानगी मिळाली, आणि आत यादी कोरी. हवा तर त्यातला एखादाच नंबर आपण दाखवायचा. किराणा पोचवणाऱ्या ॲपला माझे संपर्क कशाला लागतात कोण जाणे, पण आता त्याने खुशाल मागावेत.

पण मला वेड लावलं ते दुसऱ्याच गोष्टीने: नेटवर्कच्या परवानगीने. बाकीचे लोक या फोनच्या एन्क्रिप्शनबद्दल, फोन पुसून टाकणाऱ्या खोट्या पिनबद्दल लिहितात. मी या एका बटणाबद्दल लिहिणार. कॅमेरा किंवा माइकची परवानगी काढता येते तशी इथे इंटरनेटचीही काढता येते. ॲप टाकतानाच विचारतात, नेट द्यायचं का? नाही म्हटलं की त्या ॲपच्या दृष्टीने नेट गेलेलं असतं, आणि ते गुपचूप आपलं काम करत राहतं. टॉर्च, कॅल्क्युलेटर, पंचांग, पीडीएफ वाचणारं, कागद स्कॅन करणारं, बायकोचं पाककृतींचं ॲप, सगळ्यांचं नेट काढलं. स्कॅनरवाल्यात मी पॅन कार्डापासून सातबाऱ्यापर्यंत काय काय स्कॅन केलेलं आहे, त्याला नेट हवंच कशाला? पंचांगाच्या तर जाहिरातीच गेल्या. तिथीच्या खाली रमीची जाहिरात येत होती, ती बंद. सुंठीवाचून खोकला गेला.

सर्वांत मोठी गोष्ट कळफलक. आपण टाइप करतो ते अक्षर न अक्षर कळफलकातून जातं. पासवर्ड, भांडणं, डॉक्टरला लिहिलेलं. माझ्या सवयीच्या कळफलकात आधी मराठीची भाषा-फाइल उतरवून घेतली आणि मग त्याचं नेट तोडलं. शब्द सुचवणं चालू, जोडाक्षरं व्यवस्थित. बोलून मराठी लिहिणं मात्र बंद पडलं, आणि ते मी फार वापरायचो. आठवडाभर चिडचिड झाली. आता अंगठ्यानेच लिहितो, हे सगळंही तसंच लिहिलंय. हे बटण साध्या अँड्रॉइडमध्ये का नाही, याचं उत्तर जाहिरातींवर जगणाऱ्यांनाच विचारा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधले डग्लस लीथ यांनी २०२१ मध्ये मोजलं होतं, की नुसता पडून असलेला अँड्रॉइड फोन सरासरी साडेचार मिनिटांनी गूगलकडे काही ना काही पाठवतो. आयफोनवाल्यांनी हसू नये, त्यांचा ॲपलशी बोलण्याचा आकडाही तोच निघाला होता.

ग्राफीनओएसमध्ये गूगल प्ले आधीपासून नसतं. ते टाकायचं की नाही, याबद्दलचं माझं मत मधल्या काळात बदललं. सुरुवातीला सोवळ्यात होतो, प्ले अजिबात नको म्हणायचो. मग नोटिफिकेशन येईनात, टॅक्सी बोलावता येईना. आता टाकलंय, आणि बिनदिक्कत टाका असं सांगतो. नेहमीच्या फोनमध्ये प्ले सर्व्हिसेस (गूगल प्लेचा मागे सतत चालणारा भाग) म्हणजे घरमालक, सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या कमरेला. इथे ते भाडेकरू आहे, बाकीच्या ॲपांसारखं साधं ॲप, दिलेल्या परवानगीपुरतं. आता यावर शुद्धतेचे वाद घालणाऱ्यांशी मी बोलत नाही. एक लक्षात ठेवा, नेट काढलेलं ॲप प्लेशी आतल्या आत बोलू शकतं. ज्याची फारच शंका वाटते ते वेगळ्या प्रोफाइलमध्ये (त्याच फोनमधल्या वेगळ्या खात्यात) ठेवावं.

'सरकारपासून वाचवतो का' असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. सिम आहे तोवर तुम्ही कुठल्या टॉवरखाली आहात आणि कुणाला किती वेळ फोन केलात हे ऑपरेटरकडे असतंच. २०१३ मध्ये अमेरिकी सरकारची पाळत उघड करणाऱ्या स्नोडेनने दिलेल्या कागदांवरून आलेली पहिली बातमीही व्हेरायझन या तिथल्या फोन कंपनीच्या ग्राहकांच्या कॉलच्या नोंदींची होती, त्यात फोनच्या आत कुणाला शिरावंच लागलं नव्हतं. आपल्याकडे गृह मंत्रालयाने डिसेंबर २०१८ च्या आदेशाने संगणकांवरची माहिती बघण्याचे अधिकार दहा यंत्रणांना दिलेले आहेत. त्यात हा फोन काही करू शकत नाही, आणि करतो असं तो म्हणतही नाही. फोन कुणाच्या हातात पडला तर मात्र फरक आहे: अठरा तास उघडला नाही तर तो आपोआप रीस्टार्ट होतो, मग पिनशिवाय आतला डेटा कुलपातच. लॉक असताना केबल लावली तर फक्त चार्जिंग. २०२५ च्या अखेरीस प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप आधीच घालून द्यायचा आदेश निघाला, ओरड झाली, आठवडाभरातच मागे घेतला गेला. त्या दिवसांत आमच्या ग्रुपवर मला एकदम भाव आला होता, त्याआधी सगळे 'तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय' म्हणायचे.

किमतीचं. नवा घेऊ नका. मी सेकंडहँड घेतला आणि समाधानी आहे, पण दुकानात उभं राहून दोन गोष्टी बघा. डेव्हलपर ऑप्शनमध्ये 'ओईएम अनलॉकिंग' (बूटलोडर उघडू देणारं बटण) चालू करता येतं का? अमेरिकेतून आलेल्या व्हेरायझनच्या फोनवर ते राखाडी असतं, मग कितीही स्वस्त असला तरी उपयोग नाही. दुसरं, पॅच कधीपर्यंत येणार? ७ए ला मे २०२८ पर्यंत, ८ए ला मे २०३१ पर्यंत. आज घेत असतो तर पाच-सहा हजार जास्त गेले तरी ८ए घेतला असता. बॅटरी यथातथा, कॅमेरा उत्तम, कॉल रेकॉर्डिंग फोनमध्येच आहे आणि 'हा कॉल रेकॉर्ड होत आहे' अशी बाई मध्ये बोलत नाही.

आईवडिलांसाठी विचारत असाल तर नको, दर महिन्याला तुम्हालाच फोन येईल. घ्यायच्या आधी मात्र तुमचं बँकेचं आणि यूपीआयचं ॲप यावर चालतं का ते कुणाकडून तरी खात्री करून घ्या, आणि आज चालतं म्हणजे पुढच्या अपडेटनंतर चालेल असं धरू नका. माझं दुसऱ्या बँकेचं ॲप अजून चालतंय, यूपीआय तिकडे हलवलं. पहिल्या बँकेचं काम ब्राउझरमधून करतो, तिच्या वेबसाइटला माझ्या फोनबद्दल काहीच तक्रार नाही. बँकेकडे लेखी तक्रार टाकली आहे. तीस दिवसांत धड उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे, फुकट असतं. काय होतं ते खाली टाकतो.