‘वॉनाबी’ आठ महिने वापरल्यावर : सांगलीतल्या सकाळच्या बॅचचा अनुभव

गेल्या ऑगस्टपासून स्पाइस गर्ल्स या पाच मुलींच्या ब्रिटिश पॉप ग्रुपचं ‘वॉनाबी’ हे गाणं आमच्याकडे वॉर्म-अपला वाजतंय. विश्रामबागेतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सव्वासहाला आम्ही सतरा-अठरा जणी जमतो. सगळ्यात लहान तिशीची, सगळ्यात मोठ्या आजी अडुसष्टच्या. व्यायाम मी घेते, गाणीही मीच निवडते. कानाला हेडफोन लावून दिलेले अभिप्राय या गाण्याबद्दल खूप आहेत. आठवड्याचे पाच दिवस शहाबादी फरशीवर पाय आपटत वापरून बघितलेल्या बाईनं लिहिलेलं काही माझ्या वाचनात नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी माझं जुनं मत सांगते. १९९७ साली मी अकरावीत होते. केबलवर हे गाणं सारखं लागायचं आणि मला ते अजिबात आवडायचं नाही. आमच्या घरी मिरजेचा तंबोरा, आई रीतसर गाणं शिकलेली. ती एकदा पदराला हात पुसत टीव्हीसमोर थांबली, पूर्ण गाणं बघितलं आणि म्हणाली, “यात सूर कुणाचा धरायचा गं?” मलाही तसंच वाटायचं. पाच मुली एकमेकींचं बोलणं तोडत ओरडतायत, कुणालाच नीट गाऊ देत नाहीत. हे मत मी पंचवीसएक वर्षं बाळगलं.

तेव्हा असं वाटणारी मी एकटी नव्हते. ८ जुलै १९९६ ला ब्रिटनमध्ये हे सिंगल, म्हणजे सुटं एक गाणं म्हणून, बाहेर आलं तेव्हा समीक्षकांत दोन तट पडले होते. काहींना त्यातला जोर आवडला, काहींना ते पोरकट वाटलं. त्याआधी खुद्द रेकॉर्ड कंपनीलाच हे पहिलं गाणं म्हणून नको होतं. या मुली १९९४ च्या एका जाहिरातीतून निवडून एकत्र आणलेल्या होत्या, म्हणजे दुसऱ्यांनी जमवलेला ग्रुप. पण पुढे त्यांनी तो जमवणारा मॅनेजर सोडला आणि पहिलं गाणं कुठलं यावर हटून बसल्या. लोकांनी त्यांची बाजू घेतली. ब्रिटनच्या खपाच्या यादीत गाणं तिसऱ्या नंबरवर आलं, पुढच्या आठवड्यात पहिल्यावर गेलं आणि सात आठवडे हललं नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकेतही पहिलं, तिथं चार आठवडे. त्याच महिन्यात ब्रिट अवॉर्ड्स या ब्रिटनच्या संगीत पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट ब्रिटिश सिंगलचा मान मिळाला.

आता वापराचं बोलते. गाणं मिनिटाला ११० बीट्सचं, म्हणजे ठोक्यांचं, आहे, लांबी २ मिनिटं ५३ सेकंद. आठच्या काउंटनं मोजलं तर साधारण ३९ आठ होतात. वॉर्म-अपला हा वेग फार सोयीचा पडतो. मार्च, साइड टच, हात वर, गुडघा वर, सगळं बसतं आणि आजींनाही धाप लागत नाही. गुडघेदुखीच्या दोघी उडीच्या जागी टाचा उचलतात, तरी ठेक्यातून सुटत नाहीत. मुख्य घामाच्या भागाला मात्र ते पुरत नाही, तिथं १३० च्या पुढचंच लागतं. मी ऑक्टोबरमध्ये स्पीड वाढवून बघितला, तर आवाज चिमण्यांसारखे झाले. पुन्हा तो प्रयोग केला नाही.

सुरुवात तर अशी आहे की मला ‘चला, उभ्या राहा’ म्हणावं लागत नाही. पावलांचा आवाज येतो, पाचातल्या मेल बीचं हसू येतं आणि शब्द सुरू व्हायच्या आत पाण्याच्या बाटल्या भिंतीकडेला लागलेल्या असतात. २०१४ साली मँचेस्टरच्या विज्ञान-उद्योग संग्रहालयानं ऑनलाइन चाचणी घेतली होती, त्यात लोकांनी हे गाणं सरासरी २.२९ सेकंदांत ओळखलं. आमच्या बायकांना इंग्रजी नावाशी काही घेणं नाही. त्या याला ‘हाहावालं गाणं’ म्हणतात आणि तेवढ्याच वेळात ओळखतात.

सप्टेंबरमध्ये एकीनं विचारलं, “काय म्हणत्यात ओ ताई त्या एवढं?” मी सांगितलं, पोरगी त्या पोराला म्हणतेय की माझ्याशी जमवायचं असेल तर आधी माझ्या मैत्रिणींशी जमवून घे, प्रेम येतं-जातं, मैत्री टिकते. क्षणभर कुणी बोललं नाही. मग मागच्या ओळीतून आवाज आला, “आमच्या लग्नात कुणी इचारलं ओ मैत्रिणींना?” हसून हसून सगळ्या खाली बसल्या. त्या दिवशी व्यायाम झालाच नाही. कुणाची मैत्रीण तासगावला दिलेली, कुणाची कवठेमहांकाळला. एक जण म्हणाली, दहावीपर्यंत एका बाकावर बसलो आणि आता तिचा नंबरसुद्धा माझ्याकडं न्हाई. मी गाणं बंद करून नुसती ऐकत बसले.

त्यानंतर मी बॅचच्या पाच ओळी केल्या. एका ओळीनं सवाल टाकायचा, दुसरीनं जवाब, बाकीच्यांनी मध्येच घुसायचं. आणि मला कळलं की अकरावीत जे तोडातोडीचं वाटलं होतं, तेच या गाण्याचं हाड आहे. एकीचा श्वास संपायच्या आत दुसरी उचलते, त्यामुळे कुणी उघडी पडत नाही. आवाज नसलेली, ठेका चुकणारी, लाजणारी, सगळ्या त्यात सामावतात. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं : सूर शेजारणीचा धरायचा.

आमच्यात एक डबे करणारी बाई आहे. पहाटे चारला उठून पोळ्या लाटून येते, मनगटाशी कणीक वाळलेली असते. ती कायम कोपऱ्यात, हात खांद्याच्या वर जायचा नाही. ओळी पाडताना मी सहज सांगितलं की पाचवी, व्हिक्टोरिया, हिला या गाण्यात एकटीची अशी ओळच नाही, कारण गाणं रचलं त्या दिवशी ती हजर नव्हती, बाकीच्या फोनवरून तिला विचारत होत्या. डबेवाली लगेच म्हणाली, “मग मी ती. मला एकटीला काय म्हणाय लावू नका.” पाचवी ओळ तिची झाली. आता समूहाचा भाग आला की तिच्या टाळीचा आवाज हॉलच्या दारापर्यंत जातो. परवा टाळी वाजवताना तिचे दोन्ही हात डोक्याच्या वर होते. मी काही बोलले नाही, बघून घेतलं.

उणिवाही आहेत. मधला रॅपचा तुकडा, ज्यात त्या आपापल्या सख्यांची ओळख करून देतात, तो आमच्याकडे दरवेळी विस्कटतो. शब्द भरभर जातात, पाय कशावर टाकायचा कळत नाही. मी तिथं नुसता मार्च ठेवलाय. शेवट फार चटकन येतो, अंग गरम होऊन रंगात येतं आणि गाणं संपतं, म्हणून पुढचं गाणं तयार ठेवावं लागतं. मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, खालचा ठोका जातो आणि उरतो तो कलकलाट. एकटीनं ऐकायलाही मी ते सुचवणार नाही. मी घरी भांडी घासताना लावून बघितलं, तिसऱ्यांदा बंद केलं.

मार्चपासून रोज लावणं थांबवलंय, फार सवयीचं होऊ नये म्हणून. आता फक्त शनिवारी. शुक्रवारी रात्री नऊ-साडेनऊला ग्रुपवर डबेवालीचा मेसेज येतो : “उद्या हाहा हाय न्हवं?”