अल्मेरे की हाउटन? नेदरलँड्समधला एक मोकळा दिवस कुठे घालवावा

नेदरलँड्समध्ये मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिने राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांचे पहिले काही आठवडे भराभर सरतात. ॲम्स्टरडॅमचे कालवे, झान्से स्खान्सच्या पवनचक्क्या, हेग, डेल्फ्ट आणि वसंत ऋतू असेल तर केउकेनहॉफची ट्यूलिपची बाग, एवढे शनिवार-रविवारी उरकते. पुढे मात्र मुले कामावर आणि आपण ॲमस्टेलव्हेनच्या किंवा होफडॉर्पच्या घरात, अशी स्थिती येते आणि शेंगेन व्हिसाच्या नव्वद दिवसांपैकी बरेच अजून शिल्लक असतात. हा आढावा अशा एखाद्या मोकळ्या दिवसासाठी आहे. ज्यांच्या हाती सगळे मिळून चार-पाच दिवसच आहेत, त्यांनी इथे सांगितलेल्या दोन्ही गावांच्या वाटेला जाऊ नये. हार्लेम किंवा उट्रेख्त पाहावे आणि त्याबद्दल मनाला रुखरुख लावून घेऊ नये.

दोन्ही गावे नोकरदारांची आहेत. सकाळी आगगाडीने शहरात जायचे आणि संध्याकाळी परत यायचे, हा तिथला दिनक्रम. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकसंख्या वाढली, मोठ्या शहरांतली घरे अपुरी पडू लागली आणि ती शहरे वाटेल तशी शेतांवर पसरू नयेत म्हणून सरकारने ठरावीक गावे वाढीसाठी निवडली. हेगसाठी झुटरमेर हे त्यांतले जुने उदाहरण. ॲम्स्टरडॅमच्या पूर्वेचे अल्मेरे आणि उट्रेख्तच्या दक्षिणेचे हाउटन ही त्याच धोरणाची अपत्ये असली, तरी त्यांचे स्वभाव एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत, आणि म्हणूनच निवड करावी लागते. अल्मेरेत इमारती पाहायच्या असतात. हाउटनमध्ये एकही इमारत मुद्दाम पाहण्यासारखी नाही, तिथे पाहायची ती गावाची रचना, आणि ती सायकलवर बसल्याशिवाय दिसत नाही. माझ्या मते निर्णयाचा निम्मा भाग इथेच संपतो: घरातल्या कोणाला सायकल चालवता येत नसेल किंवा गुडघ्यांमुळे चालवायची नसेल, तर हाउटनचा विचार सोडून द्यावा.

आधी अल्मेरे. हे गाव जिथे उभे आहे तिथे पूर्वी समुद्राची खाडी आणि नंतर बांधाने अडवलेले सरोवर होते. दक्षिण फ्लेव्होलांडचा हा पोल्डर (बांध घालून, पाणी उपसून मिळवलेली जमीन) 1968 मध्ये कोरडा झाला, पहिले रहिवासी 1976 च्या अखेरीस राहायला आले आणि 1984 मध्ये स्वतंत्र नगरपालिका झाली. आज लोकसंख्या दोन लाखांच्या बरीच पुढे गेली आहे. म्हणजे गावातला सर्वांत जुना रस्ताही आपल्यापैकी अनेकांपेक्षा वयाने लहान आहे. नवी मुंबई ज्यांनी वसताना पाहिली आहे त्यांना इथला आराखडा चटकन उमगेल, कारण सिडकोची स्थापना 1970 ची आणि विचारही त्याच काळातला: महानगराचा भार हलका करायचा, पण एकच मोठे शहर न बांधता एकमेकांपासून सुट्या वसाहती वसवायच्या आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा राखायची. अल्मेरेत या वसाहती म्हणजे हाफन, स्टाड, बाउटन, पोर्ट आणि हाउट, आणि त्यांच्यामधल्या जागेत झाडी आणि पाणी खरोखरच टिकून आहे. बस, सायकल आणि मोटार यांचे मार्ग बहुतेक ठिकाणी वेगळे आहेत, त्यामुळे बस सिग्नलला ताटकळत नाही.

ॲम्स्टरडॅम सेंट्रालहून अल्मेरे सेंट्रुमला पोहोचायला साधारण पंचवीस मिनिटे लागतात. स्थानकातून बाहेर पडल्यावर पाच-सात मिनिटे सरळ चालत राहिले की आपण चढ चढत आहोत हे पायांना कळते. जवळजवळ सपाट देशात, त्यातही समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या पोल्डरमध्ये, हा चढ कुठून आला? शहराच्या मध्यभागाचा आराखडा 1990 च्या दशकात डच वास्तुरचनाकार रेम कोलहास यांच्या ओएमए या संस्थेने केला आणि जमीनच मुद्दाम वाकवली: मोटारी, बस आणि वाहनतळ खाली, पादचारी आणि दुकाने वर. फ्रेंच वास्तुरचनाकार क्रिस्तियाँ द पोर्झांपार्क यांच्या ‘सिटाडेल’ या संकुलात तर आणखी एक थर आहे. खाली वाहने, मध्ये दुकानांच्या गल्ल्या आणि दुकानांच्या छपरांवर चक्क गवताळ कुरण, ज्याच्या कडेने लोकांची घरे आहेत. पुढे वेरवाटर या तळ्याच्या काठी सना या जपानी वास्तुरचनाकारांचे नाट्यगृह आहे, काचेचे आणि इतके पातळ की पावसाळी दिवशी ते पाण्यात मिसळून गेल्यासारखे दिसते. स्थानकाकडे परतताना 2010 मध्ये उघडलेले नवे सार्वजनिक ग्रंथालय लागते. आत जायला पैसे पडत नाहीत, पुस्तके दुकानात मांडावीत तशी मुखपृष्ठे दाखवत मांडली आहेत, बसायला भरपूर जागा आहे, आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्वच्छतागृह आहे.

इतके असूनही मला अल्मेरेचा मध्यभाग आवडतो असे म्हणता येणार नाही. इमारती एकेकट्या उत्तम आहेत. एकत्र आल्या की प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा मोठ्याने बोलत असल्यासारखे वाटते. तळ्यावरून येणारा वारा त्या गल्ल्यांमध्ये शिरला की मे महिन्यातही कानटोपी लागते, आणि दुकाने तर देशभरात सगळीकडे दिसतात तीच. अल्मेरेची खरी मौज मध्यभागाबाहेर आहे, पण तिथवर किती पर्यटक जातात याची मला शंकाच आहे.

वेरवाटरच्या काठाने सुमारे सात किलोमीटरची फेरी आहे. त्याच काठावर ‘डे फांटासी’ नावाची छोटी वस्ती लागते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला नेहमीचे बांधकाम-नियम बाजूला ठेवून घरांची स्पर्धा घेतली गेली आणि विजेत्यांना पाच वर्षांपुरती घरे उभारण्याची परवानगी मिळाली. ती घरे पुढे कायमची राहिली. वेगळी, काहीशी हट्टी, प्रत्येकाच्या डोक्यातून निघालेली ही घरे पाहिल्यावर डच माणूस सगळे नियमानेच करतो हा समज बराच सैल होतो. प्रयोगाची ही ओढ गावाने सोडलेली नाही: ओस्टरवोल्ड या नव्या भागात रहिवाशांनी घरेच नव्हे, तर रस्तेही आपापसांत मिळून करायचे आणि जमिनीचा मोठा भाग शेतीबागेसाठी ठेवायचा, असा नियम आहे. सगळेच प्रयोग फळाला आले असेही नाही. 2022 चे फ्लोरियाड हे जागतिक उद्यान-प्रदर्शन वेरवाटरच्याच काठावर भरले होते आणि अपेक्षेपेक्षा फार कमी लोक आल्याने नगरपालिकेला ते महागात पडले.

एकच ठिकाण निवडायचे तर मी ‘डे ग्रुने काथेड्राल’ म्हणजे हिरवे कॅथीड्रल निवडेन. मारिनुस बूझम या कलावंताने 1987 मध्ये फ्रान्समधल्या रँसच्या कॅथीड्रलच्या तळआराखड्यावर 178 पॉप्लर झाडे लावली: खांबाच्या जागी झाड, 150 मीटर लांबी आणि 75 मीटर रुंदी. कमानींच्या छतावरच्या रेषा जिथे पडल्या असत्या तिथे जमिनीवर काँक्रीटच्या पट्ट्या आहेत. पॉप्लर फार वर्षे जगत नाही हे कलावंताला ठाऊक होते, म्हणून जवळच्या दाट झाडीत त्याच आकाराची मोकळी जागा राखलेली आहे. झाडे पडत जातील तसा तो आकार रिकाम्या जागेच्या रूपाने उरावा, अशी कल्पना. मध्यभागापासून हे ठिकाण काही किलोमीटर लांब असल्याने सायकल नाही तर मोटार हवी. ज्यांना तेवढे जमत नाही त्यांनी बसने अल्मेरे हाफनला जावे. हा सर्वांत जुना भाग, कालव्यांचा, विटांच्या घरांचा, मुद्दाम जुन्या डच बंदरासारखा बांधलेला. तिथल्या बांधावर उभे राहून एकदा खोयमेर सरोवराकडे आणि मग मागे वळून गावाकडे पाहिले की पाणी वर आहे आणि अंगणे खाली आहेत हे नुसत्या डोळ्यांनी दिसते. नेदरलँड्सबद्दल शाळेत वाचलेले वाक्य असे समोर उभे राहण्याची ठिकाणे अनेक असली, तरी बसच्या थांब्यापासून इतक्या जवळ असलेली थोडी.

आता हाउटन. हे मूळचे छोटे शेतकरी खेडे. चर्चचा मनोरा आणि झाडांनी वेढलेला चौक आजही जागेवर आहे. 1960 च्या दशकाच्या शेवटी या खेड्याच्या वाढीचा आराखडा रॉब डर्क्स यांनी केला, तेव्हा मोटारी घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि बाकीची गावे रस्ते रुंद करत होती. डर्क्स यांनी उलटे केले. गावाभोवती एक गोल रस्ता घातला आणि प्रत्येक वसाहतीला मोटारीने आत जाण्याची वाट फक्त त्या गोल रस्त्यावरून ठेवली. शेजारच्या वसाहतीत मोटार न्यायची असेल तर बाहेर पडून, वळसा घालून, पुन्हा आत शिरावे लागते. सायकलीला मात्र मधून सरळ वाट. शाळा, दुकाने, खेळाची मैदाने त्या मधल्या वाटेलगत बसवली, म्हणजे मुलांना शाळेत जाताना मोटारींचा मोठा रस्ता ओलांडावाच लागू नये. पुढे दक्षिणेला गाव वाढले तेव्हा दुसरे वर्तुळ जोडले गेले आणि आज सुमारे 50,000 लोक तिथे राहतात. सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने 2008 आणि 2018 असे दोनदा हाउटनला सायकलनगरीचा मान दिला.

हे कागदावर जितके रूक्ष वाटते तितके ते प्रत्यक्षात नाही, पण वेळ साधावी लागते. सकाळी अकरा वाजता हाउटनला पोहोचलेल्या माणसाला नीटनेटकी, निर्जन गल्ली दिसेल, खिडकीत झोपलेले मांजर दिसेल आणि आपण इथे का आलो असा प्रश्न पडेल. शाळा सुटण्याच्या वेळी, दुपारी अडीच-तीनच्या सुमारास (बुधवारी अनेक शाळा त्याआधीच सुटतात), तीच वाट भरून वाहू लागते. सात-आठ वर्षांची मुले एकेकटी, काही जण गप्पा मारत जोडीने, दप्तर मागच्या कॅरिअरला. लाल डांबराच्या रस्त्यावर ‘मोटार इथे पाहुणी आहे’ अशा अर्थाची पाटी असते, आणि चौकात जमिनीवर रंगवलेले पांढरे त्रिकोण ज्याच्याकडे टोक करून असतात त्याने दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. हे त्रिकोण बहुतेक वेळा मोटारीकडे रोखलेले आढळतात. चालक हॉर्न न वाजवता मागे मागे येत राहतो. नियोजनाविषयी ज्यांना थोडेही कुतूहल आहे, नगरपालिकेत किंवा बांधकाम क्षेत्रात ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली आहेत, अशांना या अर्ध्या तासात जे मिळते ते अल्मेरेच्या साऱ्या काचेत मिळणार नाही.

स्थानकही पाहण्यासारखे आहे. रूळ उंचावर आहेत आणि त्यांच्या बरोबर खाली तीन हजारांहून अधिक सायकलींचा तळ आहे. रहिवासी सायकलवरूनच आत शिरतो, ती लावतो आणि जिन्याने थेट फलाटावर निघतो. याखेरीज हाउटनमध्ये फारसे काही नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ‘हेट रोंट’ हा दुकानांचा भाग पंधरा मिनिटांत संपतो. म्हणून हाउटनला उट्रेख्तहून सायकलने जावे हे उत्तम. उट्रेख्त स्थानकाच्या परिसरात भाड्याने सायकली मिळतात, अंतर साधारण नऊ किलोमीटर आहे, आणि एप्रिलमध्ये फुललेल्या फळबागा पाहायच्या असतील तर थोडी वाकडी वाट करून क्रोमे रेन नदीच्या बाजूने जाता येते. स्थानकांवर दिसणाऱ्या निळ्या-पिवळ्या ‘ओव्ही-फीट्स’ सायकली तिथल्या वर्गणीदारांसाठी असल्याने पाहुण्यांनी त्यांच्यावर विसंबू नये. भाड्याची सायकल घेताना ब्रेक हातात आहे की पायडल उलटे फिरवून लावायचा आहे हे आधी विचारावे, आणि सीट खाली करून घ्यावी. डच माणसांची उंची लक्षात घेऊनच ती बसवलेली असते.

खाण्याच्या बाबतीत अल्मेरे निःसंशय पुढे आहे. भारतातून 1873 पासून मजूर म्हणून सुरीनामला नेलेल्या भोजपुरी-अवधी भागातल्या लोकांचे वंशज, 1975 मध्ये सुरीनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आले, आणि त्यांची बरीच कुटुंबे अल्मेरेत आहेत. त्यामुळे सुरीनामी रोटीची दुकाने सापडतात. डाळीचे सारण भरलेली मऊ पोळी, बटाट्याची रस्सेदार भाजी, चवळीच्या लांब शेंगा. मांसाशिवाय द्या म्हटले की देतात, फक्त उकडलेले अंडे चालते की नाही हे आधीच सांगावे लागते. हाउटनमध्ये शाकाहारी माणसाने चीज-पाव आणि बटाट्याचे तळलेले काप यांवर भागवण्याची तयारी ठेवावी किंवा डबा न्यावा.

पावसाचा अंदाज असेल तर अल्मेरे, कारण ग्रंथालय आणि दुकाने आडोसा देतात. रविवारी दोन्हीकडे जाऊ नये. हाउटनमध्ये शाळाच नसते. नातवंडे बरोबर असतील तर मी हाउटनच सुचवेन, कारण आठ-दहा वर्षांच्या मुलाला स्वतःची सायकल मोकळी सोडून देता येईल असे गाव त्याला क्वचितच भेटलेले असते. दोन्ही ठिकाणी लोकांच्या खिडक्यांना पडदे ओढलेले नसतात. म्हणून आत डोकावून छायाचित्रे काढण्याची मुभा आहे असा अर्थ कोणी घेऊ नये, विशेषतः डे फांटासीसारख्या वस्तीत, जिथे आपण कोणाच्या तरी दारासमोर उभे असतो.

दोन्ही गावे एकाच दिवसात बसवता येतात का, असेही विचारले जाईल. बसवता येतात: अल्मेरेहून उट्रेख्तला हिल्व्हर्समच्या बाजूने थेट गाड्या आहेत, साधारण चाळीस मिनिटांच्या, आणि उट्रेख्तहून हाउटन दहा मिनिटांवर. प्रवासाला स्वतःचे संपर्करहित बँक कार्ड चालते, फक्त शिरताना टेकवले तसे बाहेर पडतानाही टेकवायचे. सकाळी हाफनचा बांध आणि ग्रंथालय, दुपारी रोटी, आणि तीनच्या आत हाउटन, असा क्रम ठेवला तर तो जमतो. मात्र त्यात हिरवे कॅथीड्रल बसत नाही, आणि ते सोडायचे असेल तर मी अल्मेरे दुसऱ्या दिवसावर ढकलेन.