‘इंडोनेशियन बाटिक’ शर्ट : नक्षी तिथली, हातकाम मात्र नाही

‘जकार्त्याची मुलं आता हेच घालतात, मामा,’ असे कॉलेजात शिकणाऱ्या भाचीने पटवून दिल्यामुळे मी जळगावातील एका कापड दुकानातून अर्ध्या बाह्यांचा बाटिक शर्ट १,१५० रुपयांना घेतला. कॉलरच्या पट्टीवर ‘इंडोनेशियन हातकाम’ असे छापलेले होते. दोन महिन्यांच्या वापरानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

नक्षी निःसंशय देखणी आहे. तिरक्या रांगांत एकमेकींत गुंतत जाणारी ही ‘पारांग’ नक्षी जावा बेटावरची असून एके काळी योग्यकार्ताच्या राजघराण्याबाहेरच्यांना ती अंगावर घेण्यास मनाई होती. आज तीच तिथल्या कोणाही विद्यार्थ्याच्या शर्टावर दिसते. २ ऑक्टोबर २००९ रोजी युनेस्कोने बाटिकला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले आणि तेव्हापासून तो दिवस इंडोनेशियात बाटिक दिन म्हणून पाळला जातो. त्याच तारखेला आपण खादी भांडारात सवलतीच्या रांगेत उभे असतो. काँग्रेसचे १९३६ चे फैजपूर अधिवेशन ज्या आमच्या जळगाव जिल्ह्यात भरले, तिथल्या तरुणांना खादी पुढाऱ्यांचा गणवेश वाटावी आणि जावातल्या तरुणांना आजीचे कापड मिरवावेसे वाटावे, याचे मला थोडे वैषम्य वाटले.

मिरवण्याची त्यांची तऱ्हाही निराळी आहे. न शिवलेले पारंपरिक वस्त्र कमरेला गुंडाळून खाली कॅनव्हासचे बूट घालायचे, या प्रकाराला ते ‘बरकाइन’ म्हणतात. २०२२ मध्ये चितायाम, बोजोंगगडे अशा उपनगरांतील साध्या घरची मुले लोकलने जकार्त्याच्या दुकुह अतास भागात येऊन रस्ता ओलांडण्याच्या पट्ट्यांवरच फॅशनची चाल करू लागली, तेव्हा त्यांच्या अंगावर बाटिक नव्हे, बहुतेक स्वस्तातले पाश्चात्त्य कपडे होते. म्हणून ‘जकार्त्याची मुलं हेच घालतात’ हे भाचीचे विधान अर्धेच खरे मानावे.

आता दोषाकडे येतो. खऱ्या बाटिकमध्ये ‘चांतिंग’ नावाच्या बारीक तोटीच्या लेखणीने किंवा तांब्याच्या ठशाने कापडावर वितळलेले मेण लावतात, मग ते रंगात बुडवतात. मेणाखाली रंग पोचत नाही आणि नक्षी उमटते. त्यामुळे कापडाच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. माझ्या शर्टाची उलटी बाजू फिकट, पांढुरकी आहे, म्हणजे हा सरळसरळ छापील माल. दुकानदाराला विचारले, तर तो हसून म्हणाला, ‘नक्षी तठलीच शे ना भाऊ!’

छापील असणे हा गुन्हा नव्हे. हाताने मेण लावलेले एक कापड पुरे व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात आणि ते विद्यार्थ्यांच्या खिशाला झेपत नाही, म्हणून इंडोनेशियातही छापील नक्षी सर्रास वापरतात. आक्षेप आहे तो पट्टीवरच्या ‘हातकाम’ या शब्दाला, कारण किमतीतले तीन-चारशे रुपये त्या एका शब्दाचेच असावेत.

शिवण मात्र चोख आहे. खिशाची नक्षी छातीवरच्या नक्षीशी अचूक जुळवली आहे आणि चार धुण्यांत रंग गेला नाही. कापड सुती असल्यामुळे जळगावच्या उन्हातही अंगाला चिकटत नाही. साताठशेत मिळत असेल तर जरूर घ्यावा, पण पैसे देण्यापूर्वी शर्ट उलटा करून पाहावा. भाचीला दुसरा हवा आहे. तिला जावातल्या चिरेबोन शहराची निळ्या ढगांची नक्षी आवडली आहे.