नळी बदलावी की बंदूकच?

काटोलकडच्या एका मामांकडे वडिलोपार्जित .३१५ ची रायफल आहे. रानडुकरांच्या त्रासापायी त्यांना आता १२ बोअरची बंदूक हवी (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप). 'जुनीलाच दुसरी नळी बसवून घेऊ का?' असा त्यांचा प्रश्न.

ऐकायला स्वस्त वाटतं, पण माझ्या मते हाच महागडा रस्ता. परवान्याच्या पुस्तिकेत हत्याराचा प्रकार, बोअर आणि क्रमांक लिहिलेला असतो, काडतुसंही त्याच नोंदीवर मिळतात. नळी बदलली की हातातलं हत्यार आणि कागदावरचं हत्यार वेगळं. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार रूपांतरालाच परवाना लागतो. तो मामांकडे नाही, ओळखीच्या लेथवाल्याकडे तर नाहीच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना रूपांतराला किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. आणि बदलून ९ एमएमसारखा प्रतिबंधित, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारा, बोअर झाला, तर मामला थेट केंद्र सरकारच्या अखत्यारीत.

दुसरा रस्ता, जुनी विकून नवी घेणं. चकरा आहेत: शहरात पोलीस आयुक्तालय, काटोलसारख्या ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय. विक्री परवानाधारकालाच, तीही लेखी कळवून ४५ दिवस थांबल्यावर. मग नव्या बोअरची नोंद. जुनी विकवत नसेल तरी चालतं, कारण एका परवानाधारकाला दोन हत्यारं ठेवता येतात.

बाकी बंदूक आली म्हणून डुक्कर मारायची मुभा मिळत नाही, त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी. मामांनी हे ऐकून पुस्तिका परत कपाटात ठेवली.