मे महिन्यात सोलापुरातून एका दिवसात तळं: हिप्परगा, नळदुर्ग, उजनी की थेट कास?

पारा बेचाळिसाच्या पुढं सरकला की सोलापुरात घरोघर एकच विषय निघतो: एखादा दिवस कुठंतरी पाण्याकाठी काढून येऊ. घरच्या ग्रुपवर कुणीतरी डोंगरातल्या शांत तळ्याचा फोटो टाकलेला असतो. हातात फक्त रविवार, सोमवारी सगळ्यांना कामावर हजर. मग चार नावं हमखास पुढं येतात आणि त्यावरून वाद सुरू होतो.

कुठलं तळं देखणं, हा प्रश्न मी नंतरचा मानतो. आपल्या भागातल्या तलावांना मेमध्ये काठच उरत नाही. पावसाळा सरता सरता झाडांच्या बुडाशी आलेलं पाणी उन्हाळ्यात इतकं मागं हटतं की मधे भेगाळलेल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. सावली एका टोकाला, पाणी दुसऱ्या टोकाला, आणि मधे पोरं उन्हात. त्यामुळं आधी दोनच गोष्टी विचारायच्या. सावली आणि पाणी एका जागी मिळणार का? आणि ऊन चढायच्या आत पोचून मोकळं होता येईल का?

फोटोतलं तळं बहुतेक वेळा कास असतं, म्हणून आधी त्याचाच निकाल लावू. पंढरपूर, म्हसवड, दहिवडी करत सातारा गाठायला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडतात. तिथून वर कास आणखी पंचवीसेक. पहाटे तीनला निघालात तरी आठ-साडेआठ वाजणार. परतीला तेवढेच तास, म्हणजे अकरा तास गाडीत आणि तळ्याकाठी तीन-चार. त्यात परतीचा रस्ता भर दुपारी माणदेशातून. सोलापूरचं ऊन चुकवायला निघायचं आणि माणच्या उन्हात सापडायचं, यात शहाणपण काय? आणि ज्या फुलांसाठी कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, ती फुलं ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात असतात. मेमध्ये पठार करपलेलं दिसतं. तलावाभोवतीच्या झाडीत गारवा मिळतो, हे मात्र खरं. साताऱ्याला इथून पिण्याचं पाणी जातं, तेव्हा पोरांना पाण्यात सोडायचा विचार मनातून काढून टाका.

वेण्णा लेकचंही तेच, वर गर्दी. महाबळेश्वरचं हे तळं साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ साली बांधून घेतलं. मेमध्ये तिथं घोडे, भाजलेली कणसं, बोटीसाठी रांग, सगळं मिळतं. शांतता तेवढी मिळत नाही. डोंगरच हवा असेल तर शनिवारी दुपारी निघा, एक मुक्काम करा. कासहून पुढं बामणोलीला उतरलं की कोयनेचं पाणी थेट डोंगरांच्या पायाशी आलेलं दिसतं. पण ती एका दिवसाची सहल नव्हे, आणि इथं प्रश्न एका दिवसाचा आहे.

आता दुसरं टोक: हिप्परगा. कागदोपत्री एकरुख तलाव, आदिला नदीवर इंग्रजांच्या काळात मातीचा बांध घालून १८७१ साली पुरा झालेला. तुळजापूर रस्त्याला, शहराबाहेर पडता पडता. रोज शेजारून जाणाऱ्याला त्याचं काय कौतुक असणार! पण पावणेसहाला काठावर असाल तर हा तलाव चारांतला सगळ्यात शांत आहे, हे मी पैज लावून सांगेन. पाण्यावर पाणकावळे असतात, काठाला बगळे, आणि वारा अजून तापलेला नसतो. घरून नेलेला थर्मासमधला चहा, दोन तास, आणि नवाच्या आत घरी. साडेआठनंतर तिथं थांबायचं कारण नाही. वेड्या बाभळीच्या सावलीला सावली म्हणायचं असेल तर म्हणा. डोंगराची हौस यात भागत नाही, पण एका टाकीत कितीतरी वेळा जाऊन येता येतं.

उजनीचा विषय वेगळा. सोलापूरकराला उन्हाळ्यात उजनी आठवते ती ‘मायनसमध्ये गेली’ या बातमीनं. ती वाचून बाहेरच्याला वाटतं की धरण आटलं. उजनीत एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातला निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा. म्हणजे उपयुक्त पाणी संपून काटा शून्याखाली गेला तरी डोळ्यांसमोर मैलोगणती पाणी पसरलेलं असतं. हिप्परग्यात मेमध्ये काय उरेल ते आदल्या पावसावर. उजनीत पाणी दिसणार, याची खात्री. टेंभुर्णीच्या पुढं भीमानगरला धरण आहे, पुणे हायवेनं दीड-दोन तास. रस्ता चारांत सगळ्यात चांगला.

अडचण अशी की ते पाणी आहे मोकळ्या माळावर. डोंगर नाही, झाड नाही, दहानंतर नुसती भट्टी. उजनीच्याच पाण्याकाठच्या भिगवणचे पक्षी बघायचे म्हणून कुणी निघत असेल तर त्याला थांबवा, थंडीतली पाहुणी बदकं मेपर्यंत परत गेलेली असतात. उन्हाळ्यातच जाण्यासारखं एकच ठिकाण म्हणजे पळसदेव. धरणात बुडालेलं पळसनाथाचं जुनं मंदिर पाणी खाली गेलं की वर येतं. शिखराच्या विटा, खालचे कोरीव खांब, दगडांवर वाळलेल्या गाळाचा थर. पाणी कितपत उतरलंय ते गावात विचारूनच पुढं जा, कारण वरून टणक दिसणारा गाळ खाली मऊ असतो. बोटीत बसायचं तर सकाळीच, आणि लाइफ जॅकेट असेल तरच. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. या पाण्यावर वारा उठला की समुद्रासारख्या लाटा येतात. दुपारी परतताना हायवेला चिलापीचं ताट मिळतं. मासे खाणाऱ्या घराला तेवढं कारणही पुरेल.

राहिलं नळदुर्ग, आणि माझं मत तिकडं झुकतं. हैदराबाद हायवेनं पन्नासेक किलोमीटर, तासाभरात पोच. उमरग्याकडं जाणारी एसटीही चालते. तळं असं हे नाहीच. बोरी नदीला किल्ल्याच्या तटातच बंधारा घालून अडवलेलं पाणी आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं काम. पण सावलीचा प्रश्न सुटतो तो इथंच, कारण बंधाऱ्याच्या पोटातच महाल आहे. पाणी महाल. बंधाऱ्यावरून आत पायऱ्या उतरत गेलं की दहा पावलांत बाहेरचं ऊन मागं राहतं. तळहात भिंतीला टेकवला तर दगड गार लागतो, आणि सज्जातून खाली नदीचं पात्र दिसतं. फारसी शिलालेख आहे, तो शोधायला पोरांना लावा, अर्धा तास शांत जातो.

ज्याचे व्हिडिओ फिरतात तो नर-मादी धबधबा मेमध्ये नसतो. बंधाऱ्यावरून पाणी पडतं ते पावसाळ्यात. उन्हाळ्यात आदल्या वर्षी पाऊस बरा झाला असेल तर मागं पाणी, नसेल तर हिरवट डबकं. दरवाज्यापासून बंधाऱ्यापर्यंत चांगली चाल आहे आणि महालातल्या पायऱ्या उंच, अंधाऱ्या. आजीला गुडघ्याचा त्रास असेल तर त्या वरच बसतील, मग त्यांच्यासोबत कुणीतरी थांबायला हवं. किल्ल्याला तिकीट आहे. खिडकी किती वाजता उघडते ते आधी फोन करून विचारा, नाहीतर पहाटे निघण्याचा फायदा दरवाज्यातच संपेल. उपळ्या बुरूज चढायचा तर सगळ्यात आधी चढा. अकरानंतर वरचा दगड चपलेतून चटके देतो.

तेव्हा घरात म्हातारी माणसं आणि दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर हिप्परगा, पहाटे, आणि नाश्ता घरी येऊन. पोरं सात-आठ वर्षांच्या वरची असतील तर नळदुर्ग. तिथून परत त्याच रस्त्यानं यायची गरज नाही. दुपारी तुळजापूरला दर्शन, ऊन कललं की हिप्परग्याच्या काठी टेकायचं आणि दिवेलागणीला घरी. रविवारी देवीला गर्दी असते, दर्शनाची रांग मोठी दिसली तर बाहेरूनच नमस्कार करा. गाडी चालवायची हौस असलेल्या, उन्हाला न भिणाऱ्या चौघा मित्रांनी पळसदेव करावं. कास सुट्टी जोडून आली तरच.

शिदोरीत दहीभात नको, दहाच्या आत आंबतो. धपाटे, कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा, आणि ताक वेगळ्या बाटलीत, मीठ जिरं घालून. पाणी माणशी तीन लिटर धरा. नळदुर्गात आत विकत मिळेल या भरवशावर राहू नका. बसायला जुनी सोलापुरी चादर न्या, प्लास्टिकची चटई तापते. आणि दुपारी चारच्या सुमाराला ढग काळे होऊन धुळीचा वारा सुटला, म्हणजे वळीव येतोय असं समजा. पाण्यापासून लांब व्हा, झाडाखाली थांबू नका, सरळ गाडीत बसा आणि तो जाईपर्यंत काचा वर.