सांगलीत हौशी कलावंतांचे ‘संगीत संशयकल्लोळ’

गोविंद बल्लाळ देवल हे हरिपूरचे, आणि कृष्णा-वारणेच्या संगमावरचे ते गाव सांगलीच्या अगदी उशाशी असल्यामुळे येथे देवलांचे नाटक करायचे म्हणजे पदे तोंडपाठ असलेल्या प्रेक्षकांपुढे उभे राहायचे. नोकरी-व्यवसाय सांभाळून तालमी करणाऱ्या येथील एका हौशी नाट्यसंस्थेने ते धाडस केले आणि गेल्या रविवारी ‘संगीत संशयकल्लोळ’चा प्रयोग सादर केला. २०० रुपयांचे तिकीट काढून मी तो पाहिला. काही उणिवा जाणवल्या, तरीही हा प्रयोग जरूर पाहावा असे माझे स्पष्ट मत आहे.

या नाटकाची एक अडचण त्याच्या जन्मापासूनची आहे. मोलिएरच्या १६६० मधील फ्रेंच प्रहसनावरून आर्थर मर्फीने इंग्रजी नाटक रचले आणि त्याच्या आधारे देवलांनी ‘तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. पदांसह ते ‘संशयकल्लोळ’ म्हणून गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले १९१६ साली, देवलांच्या निधनानंतर काही महिन्यांनी. त्यात बालगंधर्व नायिका रेवती झाले होते आणि गणपतराव बोडस संशयी नवरा फाल्गुनराव. म्हणजे घोटाळ्याची वीण आधीच पुरी झालेली होती, गाणी मागाहून आली. त्यामुळे गायक रंगला की नाटक खोळंबते, आणि नाटकाची घाई केली की गाणे उरकल्यासारखे वाटते. या प्रयोगाच्या दिग्दर्शिकेने हा पेच नेमका ओळखला आहे. पद सुरू असताना रंगमंचावरचे इतर कोणीही हातावर हात ठेवून उभे राहत नाही. ज्याच्या मनात संशय शिरला आहे तो गाणे ऐकता ऐकता अधिकच अस्वस्थ होत जातो आणि पद संपते तेव्हा पुढचा प्रवेश जणू आधीच सुरू झालेला असतो.

फाल्गुनरावांची भूमिका बँकेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी केली आहे आणि तीच या प्रयोगाची सर्वांत भक्कम बाजू आहे. हा माणूस हास्यास्पद आहे हे प्रेक्षकांना कळले पाहिजे, पण त्याला स्वतःला ते मुळीच कळता कामा नये. भोवळ आलेल्या रेवतीला सावरण्याचा साधा चांगुलपणा ते दाखवतात, तेवढेच नेमके त्यांच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या दृष्टीस पडते. आणि रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागल्यावर फाल्गुनरावांचेही डोळे फिरतात. त्या क्षणी त्यांनी आवाज चढवला नाही. उपरण्याचे टोक बोटाभोवती गुंडाळत ते एकेक शब्द तोलून बोलू लागले, आणि नाट्यगृहात हशा उसळला. कृत्तिकेला कजाग बायको म्हणून रंगवण्याची सवय अनेक संस्थांना आहे. येथे ती मनातून दुखावलेली बाई आहे, त्यामुळे नवरा-बायकोचा संशय सारख्याच वजनाचा होतो आणि विनोद कोणा एकाच्या वाट्याला जात नाही.

तसबीरही विचारपूर्वक निवडलेली आहे. पदराआड लपेल इतकी ती लहान आहे, पण तिच्या पितळी चौकटीवर दिव्याचा प्रकाश चमकतो, म्हणून ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली हे शेवटच्या रांगेतूनही दिसते. या नाटकात सारा घोटाळा तिच्यामुळेच होत असल्याने मला ही गोष्ट भरजरी नेपथ्यापेक्षा मोलाची वाटली.

अश्विनशेट झालेल्या तरुणाचा गळा तयार आहे. ‘मृगनयना रसिक मोहिनी’ म्हणताना त्याने दरबारी रागातला गंधार घाई न करता आंदोलित, म्हणजे संथ हेलकावत ठेवला आणि शब्द एकदाही तानेखाली दडपले नाहीत. रेवतीचे गाणे त्याहूनही सुरेल आहे, मात्र उत्तरार्धात ‘वन्स मोअर’ मिळाल्यावर तिने एक संपूर्ण पद पुन्हा म्हटले आणि तेथे नाटक खरोखर थांबले. रसिकांना नकार देणे कठीण असते हे मान्य आहे. तरी केवळ धृपद पुन्हा म्हणून पुढे जाण्याची रीत या संस्थेने ठरवून घ्यावी.

दोन गोष्टी मला मनापासून खटकल्या. पहिली म्हणजे भादव्याच्या तोंडी घातलेले आजच्या राजकारणावरचे विनोद. त्यांना टाळ्या मिळाल्या, पण फाल्गुनरावांचा हा नोकर त्या वेळेपुरता कथेबाहेर गेला आणि मालकाचा संशय वाढवण्याचे त्याचे काम मागे पडले. देवलांची भाषा शंभर वर्षांनंतरही स्वतःच्या बळावर हसवते, तिला टेकू लागत नाही. दुसरी गोष्ट ध्वनिव्यवस्थेची. ऑर्गनसमोरच्या माइकचा आवाज इतका मोठा ठेवला होता की गद्याखाली वाजणाऱ्या सुरांत कृत्तिकेची काही वाक्ये बुडाली. तबलजींनी मात्र अखेरपर्यंत तोल सांभाळला, त्यांचे कौतुक केलेच पाहिजे.

महिने आणि नक्षत्रे यांवरून ठेवलेली पात्रांची नावे माझ्या शेजारी बसलेल्या शाळकरी मुलीला मध्यंतरात तिच्या आजीने समजावून सांगितली. त्यानंतर प्रत्येक नव्या पात्राच्या प्रवेशाला ती त्याचे नाव ऐकण्यासाठी पुढे सरसावून बसत होती. पुढच्या प्रयोगाच्या माहितीपत्रकात संस्थेने या नावांविषयी चार ओळी अवश्य छापाव्यात, आणि तो प्रयोग हरिपुरात करता आला तर मी त्यासाठी पुन्हा तिकीट काढीन.